कंडक्टरच्या हातातला ‘पंच’

आठवीत असताना इंग्रजीचे सर एकदा खिशातून एस.टी.चं तिकीट काढून वर्गात उभे राहिले. कंडक्टरनं पाडलेली भोकं खिडकीच्या उजेडात धरून त्यांनी विचारलं, “हे काय?” “पंच!” सगळा वर्ग ओरडला. ठोशालाही पंचच म्हणतात, हे मागच्या बाकावर लगेच प्रात्यक्षिकासह सिद्ध झालं.

सर सांगू लागले. लॅटिनमध्ये ‘पुंगेरे’ म्हणजे टोचणे. त्यातून भोक पाडायचं हत्यार आलं, पुढे ठोसा आला. पंक्चरही त्याच घरातलं. पण इंग्लंडातला पंच नावाचा नाकाड्या बाहुला निराळ्या कुळातला, इटलीच्या पुल्चिनेल्ला या विदूषकाचा वंशज. रोजनिशी लिहिणाऱ्या सॅम्युअल पेपिसनं 1662 मध्ये लंडनला त्याचा खेळ पाहिला होता. 1841 साली निघालेल्या विनोदी साप्ताहिकानं त्याचंच नाव घेतलं आणि ती हवा आपल्या ठाण्यापर्यंत पोचली. तिथून ‘हिंदू पंच’ निघायचं.

तिसरा पंच पिण्याचा. सर इथं जरा चाचरले. मद्य, लिंबू, साखर, पाणी, मसाला. जिन्नस पाच, म्हणून पंच! शिवकाळात मुंबई-जुन्नरला येऊन गेलेल्या जॉन फ्रायर या इंग्रज डॉक्टरानं तसं लिहूनच ठेवलंय म्हणे. आम्ही बाकं बडवली.

पुढे मी कंडक्टरच झालो. तिकिटाचं यंत्र येईपर्यंत तो चिमटा हातातून सुटला नाही. दांड्यावर टकटक वाजवायचा नि नव्या ड्रायव्हरला ऐकवायचं, “इंग्रजांनी हा शब्द आपल्याकडून नेला बरं!” (चिमट्याचा पंच वेगळा, पेल्यातला वेगळा, हे मी सोयीनं गाळायचो.) एकदा एका प्रवाशानं मला अडवलं. म्हणाला, पिंपालाही इंग्रजीत ‘पंचन’ म्हणतात, पेयाचं नाव खलाशांनी त्यावरून पाडलं असंही काही जाणकार मानतात.

मी तडक सरांकडे. ते तेव्हा निवृत्त झाले होते. म्हटलं, “सर, तुम्ही तर पाचावरून सांगितलं होतंत.”

“मी ‘बहुधा’ म्हणालो होतो. वही बघ.”

आईनं माळ्यावर जपून ठेवलेली वही काढली. ‘बहुधा’ होतं. पाठांतराला एक शब्द कमी म्हणून मीच त्यावर काट मारली होती.