जाळीखालची सोन्याची पाने

सरांनी एबोनाइटची (कडक रबराची) कांडी लोकरीवर घासून विद्युतदर्शीजवळ, म्हणजे विद्युत प्रभार ओळखणाऱ्या उपकरणाजवळ नेली आणि बरणीतली सोन्याची दोन्ही पाने फाकली. मग त्यांनी विद्युतदर्शीवर तारेच्या जाळीची टोपली पालथी घातली, कांडी पुन्हा घासली आणि पुन्हा जवळ आणली. पाने तसूभरही हलली नाहीत.

आठवीतला तो जोड तास. शाळेच्या स्मरणिकेसाठी लिहायचे म्हटल्यावर मला सर्वांत आधी आठवला तो हाच.

"का हलली नाहीत?" सरांनी विचारले. मी हात वर केला. "सर, जाळीनं वीज अडवली."

"मग या भोकांचं काय?" ते म्हणाले.

माझ्यापाशी उत्तर नव्हते. छत्री पाऊस अडवते तसा धातू विद्युत क्षेत्र, म्हणजे प्रभाराचा भोवती पसरलेला प्रभाव, अडवतो, असे चित्र माझ्या मनात पक्के बसले होते. त्या तासाला ते मोडले, आणि पुढे मी भौतिकशास्त्राकडे वळले त्याचे कारण मला तिथेच सापडते.

सरांनी फळ्यावर एक पोकळ गोळा काढला. धातूत मुक्त इलेक्ट्रॉन असतात. ऋणप्रभारित कांडी जवळ आली की ते दूरच्या बाजूला सरकतात आणि जवळच्या बाजूला धनप्रभार उरतो. या नव्या मांडणीचेही स्वतःचे क्षेत्र असते आणि गोळ्याच्या आत ते कांडीच्या क्षेत्राच्या बरोबर उलट पडते. धातूत क्षेत्राचा अंश जरी शिल्लक असेल तरी इलेक्ट्रॉन सरकतच राहणार. ते थांबतात ते क्षेत्र शून्य झाल्यावरच. म्हणजे कांडीचे क्षेत्र आतही पोचतेच, पण त्याला पुरेपूर उत्तर देणारे दुसरे क्षेत्र तिथे हजर असते. पोकळीतही हेच. आतल्या भिंतीवरच्या दोन जागांमध्ये क्षेत्र असते तर त्यांच्या विभवात (विद्युत पातळीत) फरक असता, पण दोन्ही जागा एकाच धातूच्या. फरक पडताच इलेक्ट्रॉन वाहून तो मिटवतात. जाळीच्या भोकांतून क्षेत्र थोडे आत डोकावते खरे, मात्र भोकाच्या रुंदीएवढे अंतर आत गेले की ते झपाट्याने विरते.

मग सरांनी इंग्रज शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडेची गोष्ट सांगितली. १८३६ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्याने बारा फुटी घनाकृती लाकडी सांगाडा उभारला, त्याला तांब्याची तार, कागद आणि कथलाचा वर्ख लावला आणि स्वतः आत जाऊन बसला. बाहेरून ठिणग्या उडत होत्या. आत पेटत्या मेणबत्त्या आणि विद्युतमापी होते. कशावरही परिणाम दिसला नाही.

आतली शून्यता किती मोलाची आहे, हे मात्र मला कॉलेजात कळले. पोकळ गोळ्याच्या आत क्षेत्र नेमके शून्य येते ते विद्युत बल अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते म्हणून. इंग्रज शास्त्रज्ञ जोसेफ प्रीस्टलीने १७६७ मध्येच हा अंदाज बांधला होता. १९७१ मध्ये एकात एक ठेवलेल्या पोकळ कवचांवर झालेल्या प्रयोगाने त्या नियमातला दोनचा घात पंधरा दशांश स्थळांपर्यंत खरा ठरवला. 'आत काहीच नाही' हे मोजून निसर्गाचा नियम इतका घट्ट पकडता येतो, याचे मला अजूनही अप्रूप वाटते.

आज मी मेंदूचे विद्युत संकेत मोजते. ते जेमतेम काही दहा मायक्रोव्होल्टचे, म्हणजे व्होल्टच्या काही दहा दशलक्षांश भागांएवढे असतात, म्हणून आमची मोजणीची खोली तांब्याच्या पत्र्याने मढवलेली आहे. एकदा त्या खोलीतल्या मोजणीत घरगुती विजेची ५० हर्ट्झची घरघर शिरली. दोन दिवस आम्ही दारांच्या फटी तपासल्या. दोष निघाला भिंतीतून फिल्टरशिवाय आत ओढलेल्या एका वायरीत. बाहेरचा सगळा गोंगाट तीच आत आणत होती. अशा वेळी हटकून सर आठवतात. (चुंबकीय क्षेत्राचे प्रकरण वेगळे. त्या वारंवारतेला तांब्याचा पातळ पत्रा त्याला फारसा रोखत नाही; त्यासाठी वेगळा मिश्रधातू लागतो.)

तासाच्या शेवटी सरांनी प्रयोग उलटा केला. मेणाच्या ठोकळ्यावर पत्र्याचा उंच डबा ठेवला, तो तारेने विद्युतदर्शीला जोडला आणि प्रभारित गोळी रेशमी दोऱ्याने डब्यात सोडली. पत्र्याला लागू दिली नाही. पाने फाकली. आतल्या प्रभाराचा प्रभाव बाहेर आला होता! गोळी आत कुठेही हलवली तरी पानांमधले अंतर बदलेना.

"आता डब्याला हात लाव," सर मला म्हणाले. मी बोट टेकवले. पाने मिटली.

"बोट काढ." मी काढले. पाने मिटलेलीच राहिली. मग सरांनी दोरा हळूच वर ओढून गोळी बाहेर काढली, आणि रिकाम्या डब्याला जोडलेली ती पाने पुन्हा उघडली.

घंटा झाली. आम्ही कोणीही जागेवरून उठलो नाही.