टेक ऑफ
(माजी विद्यार्थी, मॅट्रिक 1971)

आठवीच्या सहामाहीत इंग्रजीच्या पेपरात एक वाक्य मराठीत करायला आलं होतं : 'द प्लेन टुक ऑफ ॲट मिडनाइट.' 'टेक ऑफ' म्हणजे काढणे, एवढं मला पाठ होतं. 'टेक ऑफ युअर शूज' वर्गात दहादा झालं होतं ना! मी ठोकून दिलं, 'विमानाने मध्यरात्री काढले.' पेपर वाटताना सरांनी मला उभं केलं. "काय काढलं बावा विमानानं? सदरा की पायजमा?" वर्ग हसून हसून लोळला.

खरं तर ते विमान माझ्या रोजच्या ओळखीचं होतं. आम्ही नागपुरात धंतोलीत राहायचो. उन्हाळ्यात सगळ्यांची अंथरुणं गच्चीवर. सोनेगावच्या विमानतळावर 1949 पासून रात्रीच्या टपालाची विमानं येत. दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास अशी चार दिशांची विमानं रात्री नागपुरात जमत, थैल्यांची अदलाबदल होई आणि ज्याची त्याची वाट धरून परत जात. एकेकाचा आवाज उठला की आजी कूस बदलत म्हणायची, "गेलं मद्रासचं." तिला कसं कळायचं, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी सरांनी पुस्तक उघडलंच नाही. मला आणि बाकावरच्या जोडीदाराला समोर बोलावलं. तो 'टेक', मी 'ऑफ'. डोक्यावरची काळी टोपी काढून सरांनी ती आधी माझ्या पलीकडे धरली : टेक ऑफ युअर कॅप. मग आम्हा दोघांच्या मधे : टेक युअर कॅप ऑफ. "दोन्ही चालतं. पण टोपीचं नाव न घेता नुसतं 'इट' म्हणालात, तर ते मधेच बसणार. टेक इट ऑफ. 'टेक ऑफ इट' लिहिलं की मार्क गेला." मग टोपी डोक्यावर चढवून आम्हाला एकमेकांचे हात धरायला लावले. "आता विमान. विमान काही काढत नाही, स्वतःच उडतं. मधे कोणी शिरायचं नाही."

मागून कोणीतरी कुरकुरलं, "सर, एका शब्दाचे इतके अर्थ कायले पाहिजे?"

सर खुर्चीत बसले. "तुझं 'सुटणे' सांग. गाडी सुटते, गाठ सुटते, वारा सुटतो, गणित सुटतं, तोंडाला पाणी सुटतं." पोटावर हात ठेवून म्हणाले, "अन् हेही सुटतं. तिथं कुरकुरला का कधी?" 'ऑफ' म्हणजे जवळचं काहीतरी सुटून दूर होणं, असं त्यांचं म्हणणं. अंगावरून कपडा, जमिनीवरून विमान, बिलातून दोन रुपये, हजेरीतून एक दिवस. घंटेआधी दप्तर उचलून सटकणारी पोरंही 'टुक ऑफ'च. व्याकरणाची पुस्तकं याहून जास्त काटेकोर असतील, पण मला आजवर हेच पुरलं. धंद्यानं टेक ऑफ घेतला, असं नातू म्हणतो तेव्हाही मला धावपट्टी सुटल्याचाच आवाज येतो.

एक अर्थ मात्र सरांनी तेव्हा सांगितला नव्हता. तो पुढे डिसेंबरात, मधल्या सुट्टीत कळला. आमच्यातला एक वल्ली (पुढे फार मोठ्या हुद्द्यावर गेला, म्हणून नाव लिहीत नाही) टेबलाजवळ उभा राहून सरांची हुबेहूब नक्कल करत होता. डोक्यावर कोणाची तरी टोपी, चिमटीत खोटी तपकीर, "काय काढलं बावा?" आम्ही खिदळत होतो आणि एकाएकी पुढचे बाक गप्प झाले. दारात सर.

सर आत आले, खडू उचलला आणि फळ्यावर लिहिलं : ही इज टेकिंग मी ऑफ.

"नक्कल करणे. हा राहिला होता, वहीत लिहा." मग त्या वल्लीकडे वळून त्याची टोपी बोटानं जरा डावीकडे तिरपी केली. "अशी."