बर निघता निघेना

जुन्या बाजारातल्या त्या सुरीला अखेर धार लागली. म्हणजे पाऊण सुरीला लागली. टोकाकडचे पाच सेंटिमीटर अडून बसले होते आणि त्यांनी माझे तीन रविवार खाल्ले. म्हणून आज सगळं रडगाणं त्यांचंच आणि तिथल्या बरीचं, म्हणजे घासताना धारेवर उलटून येणाऱ्या धातूच्या बारीक कडेचं.

मांडणी मागचीच. कोन 15 अंश. पातं 45 मिमी रुंद, म्हणजे पाठ दगडापासून साधारण 12 मिमी वर. तेवढी नाण्यांची चळत पट्टीने मोजून ठेवलीय. पहिल्या दोन-चार हातांना ती पाठीखाली लावून बघतो, हाताला अंदाज आला की बाजूला. किंग कंपनीचा धारेचा दगड (एक बाजू 1000 ची खरबरीत, दुसरी 6000 ची बारीक) पंधरा मिनिटं पाण्यात, खाली ओलं फडकं. नुसत्या ओट्यावर दगड ठेवून घासणारे दिसले की माझ्या पोटात गोळा येतो. दगड सरकला की हात कुठे जाणार, तुम्हीच सांगा.

मुठीकडच्या भागाची बर बघत राहावी अशी येते. 1000 वर एक बाजू घासली की सलग लागते. बोट पाठीकडून धारेच्या बाहेर सरकवलं की दुसऱ्या बाजूला नखाला अडकते. (आडवंच सरकवायचं, धारेच्या लांबीने कधीच नाही.) बाजू पालटत, दाब कमी करत 6000 वर, मग चामड्याच्या पट्ट्यावर पाठ पुढे ठेवून दहा-बारा हात, की गेली. शनिवारी त्या भागाने कोथिंबीर चिरली आणि पाटावर हिरव्या पाण्याचा थेंब नाही! बायको म्हणाली, "बरी चिरलीस." आमच्या घरात हे सुवर्णपदक आहे.

टोकाकडे उलटा प्रकार. बर यायची सगळ्यात आधी आणि जायचं नाव नाही. उजवीकडून घासली की डावीकडे लवते, डावीकडून घासली की उजवीकडे. टॉर्च तिरपा धरला की तिथे चांदीची बारीक तार चमकते. वर्तमानपत्र मुठीकडून सर्रकन कापत येतं आणि टोकाशी येऊन फाटतं.

पहिला संशय दगडावर. पेन्सिलीने चौकटी आखल्या, कडप्प्यावर 220 चा वॉटर पेपर ओला करून चिकटवला आणि दगड त्यावर घासला. मधल्या रेघा जाईनात, म्हणजे मध्ये खड्डा होताच. पाऊण तास घासून सपाट केला, करड्या चिखलाने ओटा माखला, बोलणी खाल्ली. बर जागच्या जागी.

मग कोन. पात्याच्या पोटावर, म्हणजे टोकाकडे धार गोल होत जाते तिथे, कोपर उचलायला मी विसरतो, हे मागे कबूल केलंच आहे. धारेला काळा मार्कर फासून चार हात मारले. शाई अगदी कडेपर्यंत सारखी पुसली गेली. कोन बरोबर. मग बाटलीच्या बुचातून धार ओढून पाहिली, पट्ट्याला पॉलिशची हिरवी पेस्ट लावून पाहिली. याच गडबडीत पातं पुसताना कापड धारेच्या बाजूने धरलं आणि तर्जनी कापून घेतली. कापड पाठीवरून घडी घालून धरायचं, हे दुसऱ्यांना सांगणारा मीच.

बोटाला पट्टी बांधून बसलो असताना सहज कानस उचलली. मुठीकडे धारेवर हलकेच टेकवून सरकवली तर काचेवरून सरकावी तशी घसरली. टोकाकडे तशीच सरकवली तर कर्रकन धरलं, म्हणजे तिथलं पोलाद मऊ. तेव्हा डोक्यात उजेड पडला.

टोक तुटलेलं असताना गणपतीत मी ग्राइंडरवर नवं टोक काढलं होतं, आठवतंय? मोठ्या फुशारकीने लिहिलं होतं. तेव्हा तिथे निळी झाक आली होती. दिसायला वाईट म्हणून ती मीच पॉलिश पेपरने घासून काढली! कार्बन पोलाद निळं पडतं ते 300 अंशांच्या आसपास. पिवळसर झाक असेल तर अजून जीव असतो, पण निळं झालं की पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलंच. मऊ पोलादाची बर तुटत नाही, नुसती लवत राहते. पुरावाही मीच पुसला आणि तीन रविवार दगडाला शिव्या देत बसलो.

घरी पुन्हा पाणी द्यायचं म्हणजे अख्खं पातं लालभडक तापवून तेलात बुडवायचं. गॅसच्या शेगडीवर ते नको. मेलेलं पोलाद हाताने, पाण्यावर घासून काढायचं आणि पोट थोडं जास्त गोल होऊ द्यायचं, हाच मार्ग. त्यासाठी डायमंड प्लेट (हिऱ्याचे कण बसवलेली घासायची पट्टी) मागवायची असं ठरवून हे लिहायला बसलो होतो.

पण लिहिता लिहिता सुचलं: मऊ भाग नेमका किती, ते लिंबू सांगेल. पातं साबणाने धुऊन तेलाचा अंश काढला, लिंबाचा रस चोपडला आणि वीस मिनिटं थांबलो. आत्ताच धुऊन बघितलं. पातं करडं पडलंय आणि टोकाच्या धारेलगत त्याहून काळपट पट्टा उठलाय. कॅलिपरने मोजला, रुंदीला जास्तीत जास्त साडेतीन मिमी. मी सहा धरून चाललो होतो.

साडेतीनसाठी कसली डायमंड प्लेट? हार्डवेअरच्या दुकानातला तो दुतर्फा कार्बोरंडम दगड, ज्याला मी मागे "दाराला अडसर" म्हणालो होतो, त्याची खरबरीत बाजू हे काम करेल. शब्द मागे घेतो. आधी धार काटकोनात दगडावर धरून काळा पट्टा संपेपर्यंत खाली आणायची. मग तिथलं पातं जाड राहील, ते दोन्ही बाजूंनी पातळ करायचं. त्यानंतरच 15 अंश.

आईच्या विळीचं या महिन्यात धरलं होतं, ते पुढे ढकलतो. बोट ओलं करायला अजून दोन दिवस आहेत. तोवर काळ्या पट्ट्याच्या कडेने मार्करने रेघ आखून ठेवलीय.