मलावी टँकमध्ये मासे किती आणि पाणी किती बदलायचं, माझा अनुभव

घरच्या फिश टँकमध्ये सिक्लिड (गोड्या पाण्यातल्या माशांचं एक कुळ) किती ठेवायचे असं विचारलं की लोक लगेच इंचाचा हिशोब सांगतात, एक गॅलनला एक इंच मासा वगैरे. पण मलावीच्या म्बुनांना, म्हणजे खडकात राहणाऱ्या सिक्लिडना, तो हिशोब चालतच नाही. हे मासे आफ्रिकेतल्या मलावी तलावात खडकांच्या कपारीत राहतात, नर आपली जागा धरतो आणि दुसऱ्या नराला तिथे फिरकू देत नाही. टँकमध्ये मोजकेच मासे असले की दांडगा नर एकाच गरीब माशाच्या मागे लागतो आणि त्याला संपवतोच. गर्दी असली की मार वाटला जातो, म्हणून मुद्दाम जास्त मासे ठेवायचे, पण मग घाणही जास्त आणि ती काढायला पाणीही जास्त. त्यामुळे माझं मत एकच, आठवड्याला किती पाणी बदलणं जमेल ते आधी बघा आणि मग मासे ठरवा.

माझा टँक चार बाय दीड बाय दीड फूट, मापाने 255 लिटर पण दगड-वाळू धरून पाणी बसतं दोनशेच्या आसपास. आधी मासे न टाकता अमोनिया घालून फिल्टर सायकल केला, म्हणजे माशांच्या घाणीतल्या अमोनियाचं नायट्रेट करणारे जीवाणू त्यात वाढू दिले, वेळ गेला पण मलावीत ते हवंच, कारण इथे पीएच आठच्या आसपास किंवा वर असतो आणि पीएच वाढला की अमोनिया जास्त विषारी होतो. 25 डिग्रीला पीएच 7 असेल तर विषारी भाग जेमतेम अर्धा टक्का, 8 ला तोच पाच टक्क्यांच्या वर!

मग 15 डेमासोनी, 8 येलो लॅब, 6 असेई असे म्बुनांचे तीन प्रकार घेतले. डेमासोनी पाच-सहाच ठेवले तर आपसातच मारामारी करून एखाद-दुसराच उरतो, बाराच्या वर हवेत. रेड झेब्रा मला फार आवडतो पण येलो लॅबबरोबर क्रॉस होतो म्हणून सोडला, आणि ऑराटस दुकानदार कितीही म्हणाला तरी नाही घेतला, तो एकटाच सगळ्या टँकवर दादागिरी करतो.

आता पाणी. सुरुवातीला दर रविवारी 25 टक्के बदलायचो आणि बदलायच्या आधी नायट्रेट टेस्ट करायचो. आठवड्यात साधारण 12 पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) वाढत होतं. इथे गणित कळलं की सगळं सोपं होतं, आठवड्याची वाढ भागिले बदललेला हिस्सा. 25 टक्के बदलत राहिलं तर आकडा 48 वर जाऊन थांबणार, 50 टक्के केलं तर 24 वर. फिल्टर कितीही भारी घ्या, तो अमोनियाचं नायट्रेट करून देतो, पण नायट्रेट बाहेर काढायला पाणीच बदलावं लागतं. म्हणून 50 टक्क्यांवर आलो, म्हणजे दर आठवड्याला शंभर लिटर.

सोसायटीत बोअरचं पाणी भरपूर आणि जड, म्हणजे मलावीला वरवर एकदम योग्य, पण टेस्ट केलं तर त्यातच 10 पीपीएम नायट्रेट! मग 24 वर थांबणारा आकडा थेट 34 वर जातो. म्हणून कॉर्पोरेशनचंच पाणी वापरतो, आदल्या रात्री ड्रममध्ये भरून अँटी-क्लोरीन टाकतो आणि 50 लिटरला चहाचा एक सपाट चमचा खायचा सोडा, त्याने केएच (पाण्याची पीएच टिकवून धरायची ताकद) तीनेक डिग्री वाढतो आणि पीएच खाली घसरत नाही. थंडीत गीझरचं थोडं पाणी मिसळून टेम्परेचर जुळवून घेतो. फिल्टरचा स्पंज त्या दिवशी धुवायचाच असेल तर टँकमधून काढलेल्या पाण्यातच, नळाखाली नाही.

उन्हाळ्यात पाणीकपात लागली की ड्रम भरत नाही, तेव्हा घाण कमी व्हावी म्हणून माशांचं खाणं एक वेळ करतो आणि आठवड्यातून एक दिवस उपास, मोठ्या म्बुनांना त्याने काहीही होत नाही. म्बुना माद्या अंडी तोंडातच उबवतात, सध्या दोन येलो लॅब माद्यांच्या तोंडात अंडी आहेत, पण पिल्लं ठेवणार नाही, ओळखीतल्या दोघांना आधीच सांगून ठेवलंय, कारण मासे वाढवायचे तर शंभर लिटर पुरणार नाही आणि त्याहून जास्त पाणी आमच्याकडे दर आठवड्याला मिळत नाही.