गाडी सकाळी सुरू होत नाही? थंडीला दोष देण्याआधी सेल्फचा आवाज ऐका

तुळशीचं लग्न झालं की आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात पहाटे दंव पडायला लागतं आणि मग वाड्यावर आज याची गाडी उद्या त्याची गाडी सुरू होईना, आणि सगळ्यांचं उत्तर एकच, थंडी पडली ना. पण पणजीत डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा 20 च्या आसपास असतो, आमच्या वाळपई-केरीकडे त्याहून थोडा खाली. एवढ्या गारव्यानं धडधाकट गाडी अडत नाही हो, लोक शून्याखालच्या थंडीत गाड्या चालवतात. आपल्याकडची थंडी फार तर आधीपासून बिघडत आलेलं काम उघडं पाडते, आणि ते काम बहुतेक वेळा अगदी साधं असतं म्हणून हे लिहितेय.

बॅटरीचं खरं नुकसान होतं एप्रिल-मेच्या उकाड्यात. उष्णतेनं आतल्या प्लेटा लवकर झिजतात, पाणी उडतं, पण तेव्हा ऑइल पातळ असतं म्हणून सेल्फला, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणाऱ्या मोटरला, जोर कमी लागतो आणि कमजोर बॅटरीही वेळ मारून नेते. गारवा आला की बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते म्हणजे करंट कमी मिळतो, आणि नेमकं त्याच वेळी ऑइल दाट झाल्यामुळे इंजिन फिरवायला करंट जास्त लागतो. दोन्ही बाजूंनी ताण पडतो आणि मे महिन्यात झालेला बिघाड डिसेंबरात कळतो.

म्हणून गाडी सुरू झाली नाही की पुन्हा पुन्हा चावी फिरवत बसू नका, एकदाच फिरवा आणि नीट ऐका. सेल्फ जड जड, रेंगाळत फिरतोय, किंवा नुसतं कट-कट होतंय आणि डॅशबोर्डचे दिवे मंद होतायत, तर दोष विजेचा. सेल्फ नेहमीसारखा जोरात फिरतोय पण इंजिन पेट घेत नाही, तर बॅटरीच्या मागे लागू नका, पेट्रोल, स्पार्क नाहीतर सेन्सर बघा. एवढा फरक ओळखता आला तरी अर्धा खर्च वाचतो.

आधी विजेचं. साधा मल्टिमीटर म्हापसा किंवा फोंड्याच्या बाजारात काहीशे रुपयांत मिळतो, तो घरात असूच द्या. सकाळी काहीही चालू न करता बॅटरी मोजा, 12.6 व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, 12.4 म्हणजे पाऊणएक, 12.2 म्हणजे अर्धीच. मग दुसऱ्या कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि आकडा बघा, 9.6 च्या खाली गेला तर एक तर बॅटरी उतरलीय नाहीतर संपलीय, आधी चार्ज करून परत बघा. गाडी चालू झाल्यावर 13.8 ते 14.4 च्या मध्ये दिसायला हवं, नाहीतर अल्टरनेटर, म्हणजे चालत्या गाडीत बॅटरी चार्ज करणारा भाग, बघून घ्या (काही नव्या गाड्यांत हा आकडा मुद्दाम खालीवर होतो, तिथे घाबरू नका).

पण बॅटरी चांगली असून सेल्फ जडच, तर? आमच्या शेजारच्या काकांचं हेच झालं. गॅरेजवाल्यानं सांगितलं म्हणून नवी बॅटरी टाकली आणि थोड्याच दिवसांत परत तेच. मी मीटर घेऊन गेले तर काका म्हणाले, "अगो, मीटर कशाला, धक्का मारूया की." मी मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसच्या खुंटीवर धरलं, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि काकांना सेल्फ मारायला सांगितलं. इथे 0.2 व्होल्टच्या आसपास किंवा कमी यायला हवं, आलं एकाच्या वर! मग अर्थची वायर, म्हणजे बॅटरीच्या मायनसवरून बॉडीला जाणारी, हातानं चाचपत खाली गेले. वरचं टर्मिनल नवी बॅटरी टाकताना घासून चकाचक केलेलं, पण दुसरं टोक जिथे बॉडीला बोल्टनं आवळलेलं असतं तिथे पावसाळ्याचा लाल चिखल वाळून बसला होता, खाली गंजाचे पापुद्रे, आणि वायर जरा वाकवली तर आवरणातून हिरवी पूड गळली. आतली तांब्याची तार अर्धीअधिक खाल्ली गेली होती. आमच्याकडे वाळपईत पाऊस कसा कोसळतो ते सगळ्यांना माहीत आहे आणि किनाऱ्यावर मोरजी-मांद्र्याकडे खारं वारं, म्हणजे गोव्यात हे दोन्हीकडे होणारच. ऑटो इलेक्ट्रिशियनकडून जाड वायर बनवून घेतली, बॉडीची जागा पॉलिश पेपरनं घासून लख्ख केली, आवळल्यावर वरून पेट्रोलियम जेली लावली, आणि काकांनी चावी फिरवताच गाडी सुरू. काकू बाहेर येऊन म्हणाल्या, "मग जुनी बॅटरी चांगलीच होती की काय?" त्याचं उत्तर आता कुणाकडेच नाही, ती तर बदल्यात देऊन टाकलेली. म्हणून सांगते, बॅटरीवर पैसे घालण्याआधी अर्थची वायर तपासा!

सेल्फ जोरात फिरतोय पण पेट घेत नाही, तिथे एक सोपी युक्ती. चावी ऑनवर ठेवा, मागून पंपाचा घुं आवाज दोनेक सेकंद येतो, तो थांबला की ऑफ करा, परत ऑन करा आणि मगच सेल्फ मारा. असं केल्यावर लगेच सुरू झाली तर रात्रभरात पेट्रोलचं प्रेशर उतरतंय, पंपाचा व्हॉल्व किंवा गळका इंजेक्टर असू शकतो. दुसरा संशयित म्हणजे कूलंटचा तापमान सेन्सर, तो थंड इंजिनला गरम समजला तर कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतच नाही. डिझेलवाल्यांनी हीटरचा स्प्रिंगसारखा दिवा विझेपर्यंत थांबा, आणि सुरू झाल्यावर थोडा वेळ गाडी थरथरून पांढरा धूर येत असेल तर एखादा हीटर प्लग गेलाय का बघा. ऑइलचा ग्रेड मॅन्युअलमध्ये दिलाय तोच वापरा.

आता जत्रांचे दिवस, गाड्या रात्री देवळापर्यंत जातात-येतात आणि परत अंगणात उभ्या, एवढ्याशा फेरीत सेल्फनं ओढलेला करंटही भरून निघत नाही. त्यात डॅशकॅम चोवीस तास जोडलेला असेल तर विचारूच नका. आठवड्यातून एकदा साखळी किंवा डिचोलीपर्यंत तरी सलग फिरवून आणा.

आणि दुसऱ्या गाडीवरून जंप देताना, म्हणजे तिच्या बॅटरीला वायरी जोडून बंद गाडी सुरू करताना, क्रम चुकवू नका. लाल वायर आधी बंद गाडीच्या प्लसला, मग चांगल्या गाडीच्या प्लसला, काळी चांगल्या गाडीच्या मायनसला, आणि काळीचं शेवटचं टोक बंद गाडीच्या बॅटरीवर न लावता तिच्या इंजिनच्या उघड्या धातूवर, बॅटरीपासून लांब, कारण शेवटी जोडताना ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो.