नाशिक जिल्ह्याचं लाकडी कोडं: चार लाकडं, पंधरा तालुके

जिल्ह्याचा नकाशा कापून झाला. पंधरा तालुके आणि चार थर, म्हणजे साठ तुकडे टेबलावर पसरलेत आणि घासकाम सुरू आहे. स्क्रोल सॉ, म्हणजे बारीक ब्लेडने वळणदार काप घेणारं मशीन, असणारे आपण बहुतेक जण जाळीकामात रमतो. गणपतीची नक्षी, नावाच्या पाट्या, दिव्यांच्या जाळ्या, एवढ्यात हौस भागते. कोड्यांकडे फार थोडे वळतात. वळायला हवं असं मला मनापासून वाटतं, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

भाची तिसरीत आहे. तिसरीच्या परिसर अभ्यासात आपला जिल्हा असतो. सुरगाणा कुठे, येवला कुठे, हे ती पाठ म्हणून दाखवते. पण नकाशावर बोट ठेव म्हटलं की हात थांबतो. तुकडा हातात धरून जागेवर बसवला की तो प्रश्न उरत नाही. ही युक्ती जुनीच आहे. लंडनच्या जॉन स्पिल्सबरी नावाच्या नकाशा-कोरक्याने १७६०च्या दशकात लाकडी फळीवर नकाशा चिकटवून देशांच्या सीमांवरून कापला आणि मुलांना भूगोल शिकवायला विकला. जिगसॉ कोड्यांची सुरुवात तिथून झाली. त्यात आजच्यासारखे एकमेकांत अडकणारे गोल कान नव्हते, नुसत्या सीमा होत्या. मीही कान ठेवले नाहीत. तालुक्याचा आकार तालुक्यासारखाच दिसला पाहिजे.

चार थर कशासाठी, ते सांगतो. कुठलाही सपाट नकाशा असा रंगवायचा की शेजारच्या दोन भागांना एकच रंग येणार नाही, तर चार रंग पुरतात. गणितात हे १९७६ साली ॲपेल आणि हाकेन यांनी संगणकाच्या मदतीने सिद्ध केलं. मला रंग लावायचा नव्हता, लाकडाचाच रंग हवा होता. मग चार वेगळ्या लाकडांच्या पातळ फळ्या एकावर एक ठेवून एकदाच कापल्या तर? तालुक्यांचे चार गट पाडायचे. पहिल्या नकाशात पहिला गट सागाचा, दुसरा शिवणीचा, तिसरा हळदूचा, चौथा शिसवाचा. दुसऱ्या नकाशात हेच एक घर पुढे सरकवायचं. अशाने चारही नकाशे पूर्ण होतात, एक तुकडाही शिल्लक राहत नाही आणि चार घरी भेट द्यायची सोय होते. देवळ्याला कळवण, बागलाण, मालेगाव आणि चांदवड असे चार शेजारी आहेत, म्हणून गट पाडायला तिथूनच सुरुवात केली. बाकीचे भराभर लागले.

साग जुन्या लाकडाच्या वखारीतून आणला. जुन्या नाशकातले वाडे उतरवले की त्यांच्या तुळया आणि कड्या अशा वखारींत येऊन पडतात. इतक्या वर्षांत हे लाकूड पूर्ण वाळलेलं असतं, पावसाळ्यात फारसं फुगत नाही की उन्हाळ्यात तडकत नाही. वखारवाल्याने एक कडीचा तुकडा काढून दिला आणि म्हणाला, "दादा, चिरायच्या आधी लोहचुंबक फिरवा बरं का, आत खिळा असतोच." आणि होता. वरून काहीच दिसत नव्हतं, पण चुंबक एका जागी घट्ट चिकटला. तिथे पटाशीने उकरल्यावर चौकोनी घडीव खिळ्याचं टोक निघालं. भोवतीचं लाकूड लोखंडाने काळं पडलेलं होतं. तेवढा भाग सोडून फळ्या चिरून घेतल्या आणि रंधा मारून चार मिलिमीटरवर आणल्या. वाड्याच्या सागाला रंधा लागतो तेव्हा येणारा तेलकट, चामड्यासारखा वास नव्या सागाला इतका येत नाही.

शिवण फिकी, जवळजवळ सायीच्या रंगाची. हळदू नावाप्रमाणे पिवळा. शिसव महाग पडतो, म्हणून फर्निचरवाल्याकडच्या उरलेल्या पट्ट्या जोडून फळी केली. साग जोडणार असाल तर डिंक लावायच्या आधी सांध्याची कड स्पिरिटने पुसून घ्या. सागातलं तेल डिंकाला धरू देत नाही. चारही फळ्यांच्या लाकडाच्या अंगच्या रेषा मात्र एकाच दिशेने ठेवा. लाकूड हवेतल्या ओलाव्याने रेषेच्या आडव्या बाजूने फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. इगतपुरी उभ्या रेषेचा आणि त्र्यंबकेश्वर आडव्या रेषेचा असेल तर जुलैत ते एकमेकांत बसणार नाहीत.

आता कापण्याकडे येतो. मला इथेच सगळ्यात जास्त शिकायला मिळालं. जाळीकामात रेषा पाळणं हे सर्वस्व असतं. मोराच्या मानेची कड केसभर आत गेली तरी डोळ्याला खटकते. आतला तुकडा फेकूनच द्यायचा असतो, त्याची कड कशी आहे याच्याशी कुणाला देणंघेणं नसतं. कोड्यात उलटं आहे. निफाडची कड तीच सिन्नरची कड. रेषेपासून ब्लेड थोडं सरकलं तर दोन्ही तुकडे सारखेच सरकतात आणि एकमेकांत बसतातच. नकाशा किंचित बदलतो, बसणी बदलत नाही. बसणी बिघडते ती मशीनचं टेबल तिरकं असेल तर. आणि थरांची अदलाबदल करायची असेल तर हा तिरकेपणा फारच महागात पडतो. चार फळ्यांचा गठ्ठा १६ मिलिमीटर जाड. टेबल फक्त एक अंशाने कललेलं असेल तरी वरच्या आणि खालच्या कडेत जवळजवळ ०.३ मिलिमीटरचा फरक पडतो. वरच्या थरातलं दिंडोरी आणि खालच्या थरातलं निफाड शेजारी ठेवलं की एका बाजूला फट दिसते आणि दुसऱ्या बाजूला तुकडा घुसतच नाही.

म्हणून टेबलावरच्या अंशांच्या खुणेवर विसंबू नका. ब्लेडला ताण देऊन छोटा गुण्या (काटकोन तपासायचं साधन) त्याच्या बाजूला लावा आणि मागून उजेड पाहा. त्याहून पक्की चाचणी अशी: जाड लाकडाच्या ठोकळ्याला एका बाजूने उथळ खाच पाडा, मशीन बंद करा, ठोकळा फिरवून ब्लेडच्या मागून आणा आणि तीच खाच ब्लेडवर बसते का ते पाहा. बसली तर काटकोन पक्का. गठ्ठ्याचा एकेक मोठा भाग संपला की मी ही चाचणी पुन्हा करत होतो, कारण मशीनच्या थरथरीने टेबलाचा स्क्रू हळूहळू ढिला होतो.

ब्लेड पाच नंबरचं वापरलं, उलट दातांचं. खालचे काही दात वरच्या दिशेने असतात, त्यामुळे तळाच्या फळीची खालची बाजू फाटत नाही. त्याची जाडी साधारण ०.४ मिलिमीटर. नकाशाचं माप मी एक सेंटिमीटरला साडेपाच किलोमीटर असं धरलं होतं, म्हणजे प्रत्येक सीमेवर जवळजवळ २२० मीटर रुंदीचा पट्टा भुशात गेला. त्याहून बारीक ब्लेड या जाडीला टिकत नाही. लवतं, मधेच फुगल्यासारखं वळतं आणि मग वरची कड एक, खालची दुसरी. ताण पुरेसा आहे की नाही हे बोटाने छेडून कळतं: आवाज टणक आणि बारीक आला पाहिजे. सागात सिलिका असते, ती ब्लेडची धार लवकर मारते. ढकलायला जोर लागू लागला किंवा करपल्याचा वास आला की ब्लेड बदला, काटकसर करू नका.

नवशिक्यांना आणखी एक गोष्ट बुचकळ्यात पाडते. सरळ रेषेत ढकललं तरी ब्लेड उजवीकडे पळतं. ते पंच करून बनवताना एका बाजूला बारीक खरखरीत कंगोरा राहतो आणि ती बाजू जास्त कापते. लाकूड दोन-चार अंश फिरवून ढकलायची सवय लागली की रेषा आपोआप धरली जाते.

चार थर एकमेकांना धरून ठेवायला जाळीकामात बाहेरच्या वाया जाणाऱ्या भागात खिळे ठोकता येतात. इथे वाया जाणारा भागच नाही. प्रत्येक तालुक्याच्या मधोमध, प्रत्येक थरात, दुहेरी चिकटपट्टीचा लहान तुकडा ठेवला. वर निळी मास्किंग टेप, तिच्यावर नकाशाचा कागद आणि त्यावर पारदर्शक पॅकिंग टेप. या टेपमुळे ब्लेड कमी तापतं आणि शिसवाच्या कडा करपत नाहीत. शिसव सर्वात खाली ठेवला, कारण घट्ट लाकूड तळाला फाटत नाही. मऊ शिवण मधे, दोन्हीकडून दाबलेली.

पहिला काप कुठला घ्यायचा यावर बराच विचार केला. शेवटी सातमाळ्याच्या डोंगररांगेच्या आसपासची सीमा धरली. बागलाण, कळवण, देवळा, मालेगाव आणि नांदगाव एका बाजूला, बाकीचे दुसऱ्या बाजूला. वरच्या बाजूचं पाणी गिरणेला जातं आणि तापीतून अरबी समुद्राला. खालच्या बाजूला निफाड-सिन्नरकडचं पाणी गोदावरीतून बंगालच्या उपसागराला, तर पेठ-सुरगाण्याचं पश्चिमेला उतरतं. या कापात एक जागा फार सुंदर आहे. वणी गाव दिंडोरी तालुक्यात आणि सप्तशृंगीचा गड कळवण तालुक्यात, त्यामुळे ब्लेड या दोघांच्या मधून जातं. तिथे मशीनचा वेग अगदी कमी केला आणि गठ्ठा दोन्ही हातांच्या बोटांनी दाबून हळूहळू वळवला. भाचीला तुकडे दाखवताना हीच सीमा मी पहिली दाखवली. वणीची देवी म्हणतो, पण देवी आहे कळवणच्या तुकड्यावर, हे तिला इतकं आवडलं की आता घरी येणाऱ्या प्रत्येकाला ती विचारते.

सीमा जशीच्या तशी कापता येत नाही. पाच नंबरचं ब्लेड साधारण एक मिलिमीटर रुंद असतं, त्याहून बारीक वळणात ते फिरत नाही. दोन मिलिमीटरपेक्षा लहान सगळी वळणं मी कागदावरच सरळ केली. पण जी वळणं तालुक्याची ओळख आहेत ती ठेवली. अरुंद शेपट्या लाकडाच्या रेषेला आडव्या आल्या की बोटाच्या दाबाने तुटतात, तिथे थोडी जाडी वाढवली. खेळणं हे हाताळण्यासाठी आहे, नकाशाच्या अचूकतेपेक्षा टिकणं मोठं.

तीन तालुके जिथे एका बिंदूला मिळतात तिथे कोपरा गोल होऊ द्यायचा नसेल तर एक काप थेट आरपार न्या आणि दुसरा नंतर त्याला बाजूने येऊन भिडवा. ब्लेड जागेवर फिरवून कोपरा काढायला गेलात की तिथे बारीक छिद्र पडतं आणि तीन तुकड्यांच्या मधे ते कायमचं दिसत राहतं.

चौकट वेगळी केली. जिल्ह्याची बाहेरची सीमा पाइनच्या फळीत कापली, खाली प्लायवूडचा तळ. प्लायवूड घेताना कडेवरून पाहून आत पोकळ्या नाहीत ना ते बघा, स्वस्त प्लायवूडमध्ये हमखास असतात. चौकटीत सगळीकडून एक मिलिमीटर मोकळी जागा ठेवली आहे. मार्चमध्ये ढिलं वाटेल, ऑगस्टमध्ये बरोबर बसेल.

मास्कबद्दल ठामपणे सांगतो. साग आणि शिसव या दोन्हींची धूळ नाकाला आणि त्वचेला त्रास देते, आणि स्क्रोल सॉची धूळ तोंडासमोरच उडते. मशीनचा फुंकणारा पाइप रेषा साफ ठेवतो, धूळ खोलीतच राहते. एन-९५ लावल्याशिवाय मी मशीन सुरू करत नाही, घासताना तर नाहीच.

कडा २२० नंबरच्या पॉलिश पेपरने हाताने घासतोय, फक्त धार मोडण्यापुरत्या. सपाट बाजूवर आधी १२०, मग २२०, मग ४००. कडेच्या बाजूला पेपर जास्त फिरवला तर इतक्या मेहनतीने सांभाळलेली बसणी जाईल. पॉलिशसाठी चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून दोन पातळ हात देणार आणि वर मेण. लाख मुलांच्या खेळण्याला चालते, लवकर वाळते आणि हळदूचा पिवळा रंग तिच्याखाली छान उजळतो. सागावर आणि शिसवावर जवसाचं तेलही सुरेख दिसतं, पण तेलाची फडकी चुरगाळून टाकू नका. ती आपोआप पेट घेऊ शकतात. दोरीवर पसरून वाळवा.

चार नकाशांपैकी एक भाचीला. एक आईला. तिचं माहेर कळवण, आणि शिसवाचा कळवण ज्या नकाशात आहे तोच तिने मागून घेतला. तिसरा शेजारच्या बाईंना, त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात आणि वर्गात ठेवायचा म्हणतात. देवळा आणि त्र्यंबकेश्वर हे तालुके नंतर झाले, त्याआधी जिल्ह्यात तेरा तालुके होते. बाईंनी सुचवलं की हे दोन तुकडे मुलांना शेवटी द्यावेत आणि ही गोष्ट सांगावी. मला ते फार पटलं. चौथा मी स्वतःकडे ठेवणार आहे, पुढच्या वेळी कापताना समोर असावा म्हणून. तीन वर्षांखालच्या मुलाच्या घरी मात्र हा खेळ देऊ नका, लहान तुकडे तोंडात जातात.

पुढचं काम आखून ठेवलंय. गौरींसाठी महिरप, वाड्यांच्या सुरूदार खांबांवरून आणि कमानींवरून घेतलेली. ते जाळीकाम आहे, म्हणजे पुन्हा रेषेची परीक्षा. आतले काप आधी आणि बाहेरची कड सर्वात शेवटी, नाहीतर धरायला काही उरत नाही. सहा मिलिमीटरचा साग, तीन नंबरचं ब्लेड आणि ते आत ओवायला दीड मिलिमीटरची भोकं. आराखडा कागदावर तयार आहे. ब्लेडं मागवली आहेत, ती आली की भोकं पाडायला घेतो.