आपल्याकडे न येणाऱ्या फोनची वाट

शुक्रवार, २० जून २०२५, पुणे

युरोपीय संघात विकल्या जाणाऱ्या मोबाइल फोनसाठी केलेले नवे नियम आजपासून लागू झाले, आणि येत्या बुधवारी ॲमस्टरडॅमची फेअरफोन ही छोटी कंपनी आपला सहाव्या पिढीचा फोन बाजारात आणत आहे. हा फोन भारतात विक्रीला येणार नाही. याआधीचाही एकही आला नव्हता. तरीसुद्धा गेले काही आठवडे मी त्याच्याविषयी मिळेल ते वाचतो आहे आणि अगदी मनापासून त्याची वाट पाहतो आहे. नव्या फोनचे आकर्षण मला एरवी फारसे नाही. या फोनचे आहे, कारण तो मालकाने स्वतः उघडावा, बिघडलेला भाग काढावा आणि नवा बसवावा, अशाच बेताने तो घडवलेला असतो.

आजच्या नियमांत काय आहे, हे नोंदवून ठेवतो. एखाद्या मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही सात वर्षे त्याचे महत्त्वाचे सुटे भाग उपलब्ध ठेवणे आणि मागणी आल्यावर ते पाच ते दहा कामकाजाच्या दिवसांत पोहोचवणे उत्पादकावर बंधनकारक झाले आहे. विक्री थांबल्यापासून किमान पाच वर्षे सॉफ्टवेअरचे अपडेट द्यावे लागतील. बॅटरी ८०० वेळा पूर्ण चार्ज होऊन रिकामी झाली तरी तिची निदान ८० टक्के क्षमता शिल्लक राहिली पाहिजे. शिवाय फ्रिजवर असते तशी पट्टी आता फोनसोबतही येणार असून, तो दुरुस्तीला किती सोपा आहे याची ए ते ई अशी श्रेणी तिच्यावर छापलेली असेल. हे सारे वाचताना मला सर्वांत मोलाचे वाटले ते सुट्या भागांचे कलम, आणि त्याचे कारण सध्या माझ्या घरातच आहे.

शनिवार, २१ जून

आईच्या फोनची बॅटरी फुगली आहे. मागचे झाकण एका कडेने इतके वर आले होते की नख सहज आत जाईल. सर्व्हिस सेंटरने या मॉडेलचे भाग येणे बंद झाल्याचे सांगून नव्या फोनवरच्या सवलतीचा कागद हातात ठेवला. फोन जुना म्हणावा असाही नाही. पडदा स्वच्छ आहे, आवाज चांगला आहे आणि आईला त्याची सवय झालेली आहे. म्हणून आज तो घेऊन नेहमीच्या दुरुस्तीवाल्यांकडे गेलो. दोन्ही पालख्या शहरात मुक्कामी असल्याने पेठांतले बरेच रस्ते बंद होते, दुकानात गिऱ्हाईक नव्हते, त्यामुळे मला शेजारी स्टुलावर बसून सगळे काम पाहता आले.

त्यांनी आधी फोन गरम तव्यासारख्या दिसणाऱ्या हीटिंग प्लेटवर ठेवला. कडेचा गोंद मऊ झाल्यावर पातळ प्लास्टिकची पट्टी फटीत सरकवून ती चारही बाजूंनी अगदी सावकाश फिरवली, कारण झाकणाला आतून बोटाच्या ठशाच्या सेन्सरची नाजूक स्ट्रिप जोडलेली असते आणि झाकण एकदम उचलले तर ती तुटते. खरी जोखीम त्यानंतर होती. बॅटरी चौकटीला दोन चिकटपट्ट्यांनी घट्ट बसवलेली होती. त्यातली एक ओढताच तुटली, तेव्हा त्यांनी ड्रॉपरने कडेला स्पिरिटचे थेंब सोडले, थोडा वेळ थांबले आणि मग पट्टी खालून सरकवत ती फुगलेली पिशवी न वाकवता बाहेर काढली. फुगलेली बॅटरी वाकली किंवा तिला टोक लागले तर ती पेट घेऊ शकते, हे सांगताना त्यांचा हात क्षणभरही थरथरला नाही. इतके कसब असलेला माणूस पुण्यातल्या एका लहानशा गाळ्यात बसून रोज हे काम करतो, याचे मला मनापासून कौतुक वाटले.

नवी बॅटरी मात्र ओरिजिनल नव्हती. “काका, ओरिजिनल कुठेच मिळत नाही, ही चांगल्यातली कॉपी आहे; चालेल, पण किती महिने चालेल हे मी सांगू शकत नाही,” असे ते प्रामाणिकपणे म्हणाले. काम पाहून झाल्यावर मी त्यांना फेअरफोनच्या आतल्या भागाची चित्रे दाखवली. त्यांनी ती बोटांनी मोठी करून बराच वेळ पाहिली आणि इथे बोर्ड कुठे आहे, स्ट्रिप कुठून जाते, डिस्प्ले खरेच नुसत्या स्क्रूवर आहे का, असे एकामागून एक प्रश्न विचारले. मोबाइलच्या जाहिराती पाहताना त्यांचा चेहरा असा उजळलेला मी कधी पाहिला नव्हता.

सोमवार, २३ जून

आइंडहोव्हनला राहणाऱ्या मावसबहिणीशी रात्री बोललो. तिच्याकडे २०१९ मध्ये आलेला फेअरफोन ३ आहे. या फोनच्या डब्यातच एक छोटा स्क्रूड्रायव्हर मिळत असे. “दादा, चार्जिंगची पिन बिघडली तेव्हा मी खालचा अख्खा मॉड्यूल मागवला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून बदलला,” असे तिने सांगितले. इतकेच नव्हे, तर कॅमेऱ्यासमोर मागचे झाकण नखाने उघडून बॅटरी बाहेर काढूनही दाखवली. २०२० मध्ये कंपनीने अधिक चांगला कॅमेरा असलेला फेअरफोन ३ प्लस आणला, तेव्हा तो कॅमेरा जुन्या ग्राहकांनाही सुटा विकत घेऊन आपल्याच फोनमध्ये बसवता आला. नवे मॉडेल आले म्हणून जुना फोन मोडीत न काढता उलट त्यात सुधारणा करून द्यायची, हा विचारच मला फार मोठा वाटतो.

तिच्या बोलण्यातली दुसरी गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. तिकडे कारागिराचा वेळ महाग असल्याने दुकानातल्या दुरुस्तीचे बिल पाहून लोक नवा फोन घेणे पसंत करतात, आणि म्हणून मालकाला स्वतः उघडता येईल असा फोन तिथे हवा असतो. आपल्याकडे परिस्थिती नेमकी उलटी आहे. इथे कुशल हात गल्लोगल्ली आहेत आणि त्यांची मजुरी सामान्य माणसाला परवडते. अडते ते गोंदापाशी आणि न मिळणाऱ्या अस्सल भागांपाशी. जो फोन दुरुस्तीसाठीच घडवलेला आहे, त्याचे सर्वांत अधिक चीज पुणे, मुंबई, नागपूर यांसारख्या शहरांत होईल, आणि तो नेमका इथेच येत नाही. मला या फोनची इतकी ओढ का, याचे खरे उत्तर हे आहे.

मंगळवार, २४ जून

उद्याच्या फोनबद्दल बरीच माहिती आधीच बाहेर आली आहे. पडदा थोडा लहान असेल आणि चिप मध्यम दर्जाच्या फोनमध्ये असते तशी असेल, असे दिसते. कॅमेऱ्याच्या चर्चेत मला रस नाही. माझे लक्ष चिपकडे आहे. फोन किती वर्षे सुरक्षित राहतो, हे पुष्कळदा फोन बनवणाऱ्यापेक्षा चिप बनवणाऱ्याच्या हाती असते. त्याने त्या चिपसाठी सॉफ्टवेअर देणे थांबवले की नवे अँड्रॉइड तिच्यावर चढवणे अतिशय कष्टाचे होते, आणि हार्डवेअर धडधाकट असूनही फोन निकामी ठरतो.

फेअरफोनने याचा अनुभव घेतला आहे. काँगोसारख्या देशांतल्या खाणींमधून येणारी खनिजे संघर्षाला पैसा पुरवतात, याकडे लक्ष वेधण्यासाठी २०१० मध्ये ॲमस्टरडॅममध्ये एक मोहीम सुरू झाली. फोन न बनवता नुसते बोलून फारसे साधत नाही, हे ओळखून बास व्हान आबेल यांनी २०१३ मध्ये त्या मोहिमेची कंपनी केली आणि लोकांनी आगाऊ भरलेल्या पैशांवर पहिला फोन निघाला. त्या फोनची साथ मात्र २०१७ मध्ये संपली. अपडेट थांबले आणि भागांचा साठाही आटला. आगाऊ पैसे भरणाऱ्यांना ते किती लागले असेल! पुढचा फेअरफोन २ त्यांनी जिद्दीने २०२३ च्या मार्चपर्यंत, म्हणजे सात वर्षांहून अधिक काळ चालता ठेवला. फेअरफोन ५ साठी तर त्यांनी कारखान्यांतल्या यंत्रांत वापरली जाणारी चिप घेतली, कारण तिला दीर्घकाळ आधार मिळतो. आता पुन्हा नेहमीच्या फोनची चिप घेऊन ते किती वर्षांचे वचन देणार, हे ऐकायला मी उत्सुक आहे.

बुधवार, २५ जून

फोन जाहीर झाला. नाव साधेच आहे, फेअरफोन जनरेशन ६. किंमत ५९९ युरो, म्हणजे आजच्या दराने सुमारे ६० हजार रुपये. चिप स्नॅपड्रॅगन ७एस जेन ३, पडदा ६.३१ इंचांचा, बॅटरी ४,४१५ एमएएचची. बदलता येतील असे बारा भाग आहेत आणि ते सगळे एकाच स्क्रूड्रायव्हरने निघतात. वॉरंटी पाच वर्षांची आणि सॉफ्टवेअरची साथ २०३३ पर्यंत. कडेला एक सरकते बटणही दिले आहे; ते सरकवले की मोजकीच ॲप्स समोर राहतात.

२०३३ हा आकडा वाचून मला अतिशय आनंद झाला. बॅटरीच्या बाबतीत मात्र थोडे वाईट वाटले. फेअरफोन ५ ची बॅटरी नुसत्या नखाने निघत होती, आता तिच्यासाठी स्क्रू काढावे लागतील. फोन सडपातळ करण्याची ही किंमत आहे, आणि माझ्या मते ती मोजायला नको होती. तरी स्क्रू हा स्क्रूच असतो. शनिवारी पाहिलेल्या हीटिंग प्लेटची आणि स्पिरिटच्या थेंबांची इथे गरज पडणार नाही.

मावसबहिणीने विचारले की दिवाळीत येताना एक घेऊन येऊ का. मी नको म्हटले. इथे त्याची वॉरंटी चालणार नाही, सुटे भाग इथवर पोहोचणार नाहीत, आणि भागांशिवाय तो फोन विकत घेण्यात काहीच अर्थ नाही. ती स्वतःही नवा घेणार नाही, कारण तिच्या फेअरफोन ३ ला २०२६ पर्यंत अपडेट मिळत राहणार आहेत.

आपल्या केंद्र सरकारने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले, आणि मोबाइलसारख्या वस्तूंना दुरुस्तीच्या सोयीनुसार गुण द्यावेत याविषयीचा एका समितीचा अहवाल गेल्या महिन्यात आला आहे. फ्रान्समध्ये मोबाइलना असे गुण २०२१ मध्ये द्यायला सुरुवात झाली आणि त्यांत सुट्या भागांच्या किमतीचाही विचार होत असे. युरोपीय संघाच्या नव्या पट्टीत नेमका तोच सोडून दिला आहे. आपल्याकडे तो सुटू नये, कारण भाग मिळतो पण फोनच्या निम्म्या किमतीला मिळतो, असे झाले तर आईसारख्या ग्राहकाला त्याचा काही उपयोग नाही. ग्राहक व्यवहार विभागाला लिहायच्या पत्राचा मसुदा आज रात्री सुरू केला आहे. पहिला मुद्दा भागांच्या किमतीचा आहे आणि दुसरा, कंपनीच्या केंद्राबाहेरच्या कारागिरांनाही अस्सल भाग विकत मिळावेत, हा. उद्या दुकानात जाऊन त्यात आणखी काय घालावे, हे आमच्या दुरुस्तीवाल्यांना विचारून येईन.